लष्करी डॉक्टर: सोळा पानांचा तिकीटसंग्रह

मराठवाड्यात राहून हा विषय जमवायचा तर रोनाल्ड रॉसपासून सुरुवात करावी. इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिशांच्या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या या डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. तेव्हा आपला मुलूखही निजामाच्याच राज्यात होता. भारतीय टपाल खात्याने १९९७ मध्ये त्याच्यावर तिकीट काढले. त्याशेजारी १९६२ चे हिवताप निर्मूलनाचे तिकीट शोभते. पुढे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस: चिनी सैन्यात सेवा करताना १९४२ मध्ये वारले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर तिकिटे काढली.

आपल्याकडची खरी दौलत मात्र निजामाची तिकिटे. १९३७ च्या रौप्यमहोत्सवी चार तिकिटांपैकी चार पैच्या तिकिटावर युनानी दवाखाना आहे, आठ पैच्या तिकिटावर उस्मानिया रुग्णालय. दुसरे महायुद्ध संपल्यावर निघालेल्या एक आण्याच्या तिकिटावर घरी परतणारा सैनिक आहे. वाड्यातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात अशी तिकिटे शोधा. पाकिटावर असतील तर हात लावू नका. बीड, परभणी किंवा नांदेडचा शिक्का पूर्ण उमटलेला असेल तर ते अख्खे पाकीट सुट्या तिकिटापेक्षा मोलाचे.

पाकिटाच्या कपट्यावर चिकटलेले, शिक्का अर्धवट असलेले तिकीट भिजवायला हरकत नाही. कडेला सेंटिमीटरभर कागद राखून कापा आणि कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्या. आपोआप सुटले नाही तर आणखी थांबा. ओढले की मागचा थर सोलला जातो आणि तिकिटाची किंमत जाते. रंगीत पाकिटाचे किंवा जांभळ्या शिक्क्याचे तिकीट वेगळ्या वाडग्यात भिजवा, नाहीतर त्याचा रंग बाकीच्यांना लागतो. उचलताना चपट्या टोकाचा चिमटा वापरा. टीपकागदावर उपडे ठेवा. उन्हाळ्यात उन्हात किंवा पंख्याखाली वाळवले तर गुंडाळी होते, म्हणून किंचित ओलसर असतानाच दोन टीपकागदांत घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

डिंक शाबूत असलेल्या कोऱ्या तिकिटाला पाणी लावू नका. पावसाळ्यात अल्बम आडवे रचले तर दाबाने ही तिकिटे पानाला चिकटतात. उभे ठेवा, भिंतीपासून दूर, कारण ओल आणि वाळवी तिथूनच येते. पीव्हीसीचे पाकीट टाळा.

प्रदर्शनाच्या एका चौकटीत ए-फोर आकाराची सोळा पाने बसतात. पहिले पान आराखड्याचे. उस्मानिया रुग्णालय लष्करी नव्हते, म्हणून ते 'राज्यातले आरोग्य' अशा वेगळ्या शीर्षकाखाली लावा. विषयाबाहेरचे तिकीट परीक्षकाला लगेच खटकते.