घसा सुजून श्वास अडत असेल तर काय करावं

टॉर्च आणि चमचा आधी बाजूला ठेवा. धोका असतो तो स्वरयंत्राभोवती, आणि ती जागा तोंड उघडून दिसत नाही. श्वासनलिकेवरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, सुजलेलं असतं तेव्हा घसा वरून साधाच दिसू शकतो, पण थुंकी गिळतानाही माणूस कळवळतो.

म्हणून आधी ऐका. श्वास आत घेताना शीळ किंवा घरघर, तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा आवाज, ओठांतून गळणारी लाळ, हात टेकून पुढे वाकून बसणं, गळ्याच्या खळगीत आत ओढली जाणारी कातडी. यांतलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ऑक्सिमीटरवर 97 दिसतंय म्हणून थांबू नका. तो आकडा फार उशिरा घसरतो. वाटेची त्रिज्या निम्मी झाली की हवेचा अडथळा सुमारे 16 पट होतो, त्यामुळे शेवटची थोडीशी सूजही महागात पडते. आणि घरघर थांबून माणूस पेंगायला लागला, तर तो बरा होत नाहीये, दमलाय.

त्याला सोयीचं वाटेल तसं बसू द्या. आडवं करू नका. पाणी, गुळण्या, गोळ्या काहीही नको. अ‍ॅलर्जीत घेरी येऊन भान हरपायला लागलं तरच झोपवून पाय उंच करा.

आता कारण. खाणं, औषध किंवा माशीच्या डंखानंतर काही मिनिटांत, फार तर दोन-एक तासांत, ओठ-जीभ सुजली आणि अंगावर गांधी उठल्या, उलटी किंवा चक्कर आली, तर अ‍ॅलर्जी धरून चाला. इथे औषध एकच: अ‍ॅड्रेनालिन. प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम (1 मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं 0.5 मिली), मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, पेन (औषध आधीच भरलेलं, स्वतः टोचायचं इंजेक्शन) असेल तर बहुधा 0.3 मिलिग्रॅमचं, कपड्यांवरूनही टोचता येतं. 5 मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड सावकाश काम करतात, त्यांची वाट पाहणं ही नेहमीची चूक. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

गांधी नाहीत, खाज नाही, नुसती जीभ-ओठ फुगलेत? मग रक्तदाबाच्या गोळीचं नाव बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्या वर्षानुवर्षं सोसल्यावरही एके दिवशी हे करू शकतात. ही सूज अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनाची नसून ब्रॅडिकायनिन या दुसऱ्याच रसायनाची असते, म्हणून अ‍ॅड्रेनालिनने सहसा ओसरत नाही. शंका असेल तर तरीही द्या, गोळी बंद करा आणि पाकीट सोबत न्या.

ताप, एकाच बाजूचं दुखणं, जबडा न उघडणं: टॉन्सिलमागे पू. दाढ दुखल्यानंतर जिभेखाली टणक सूज येऊन जीभ वर ढकलली जातेय, तर तेही तितकंच तातडीचं.

जेवताना अचानक आवाजच बंद झाला तर ती सूज नव्हे, अडकलेला घास. पाठीवर खांद्यांच्या फऱ्यांमध्ये 5 जोरदार थपडा, मग बेंबीच्या वर 5 झटके, आलटून पालटून. गरोदर स्त्रीला पोटाऐवजी छातीवर. बेशुद्ध पडल्यास छाती दाबणं सुरू करा.

रुग्णालयात नाकातून दुर्बीण घालून सूज बघतात, गरज पडल्यास जागेपणीच नळी बसवतात. तेही जमलं नाही तर गळ्याच्या पुढून छेद देतात. दारातच चार गोष्टी सांगा: त्रास कधी सुरू झाला, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, शेवटचं खाणं किती वाजता.