मंगळावरची मेथी आणि प्रस्तावातली मिनिटं

मंगळावर राहण्याचा सराव पृथ्वीवरच करतात, मंगळासारख्या जागी नाहीतर बंद घरात. अशा नकली मोहिमेत प्रयोग करायचा तर आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. माझा पहिला प्रस्ताव टोमॅटोवर होता. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच. तेव्हा कराडजवळच्या क्रशरवरची बारीक कच आणायची, कुंड्यांत भरायची आणि नकली मंगळावर टोमॅटो काढायचे, असा बेत. सोळा पानं लिहिली. मुक्काम होता १४ दिवसांचा. तपासणाऱ्यांनी एकच शेरा मारला: फळ कितव्या दिवशी धरणार? मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता विद्यार्थी असल्या मोहिमांचे प्रस्ताव घेऊन येतात, तेव्हा मी आधी कागद बाजूला ठेवायला लावते आणि विचारते, हे तिथे जाऊनच का करायचं? घरी, प्रयोगशाळेत, शेतात का नाही?

याचं उत्तर कसं असावं, ते मॉस्कोच्या मार्स-५०० मोहिमेत दिसतं. सहा जण ५२० दिवस कोंडून घेतलेले, २०१० ते २०११. तिथे मिठाचा एक अभ्यास झाला. रोजचं मीठ १२ ग्रॅमवरून ९ आणि मग ६ ग्रॅमवर आणलं आणि लघवी गोळा करून मीठ शरीराबाहेर किती पडतं ते मोजत राहिले. शरीर मीठ रोजच्या रोज सारखं टाकत नाही, त्याला आठवड्याच्या आसपासची लय असते, असं त्यातून दिसलं. बाहेरच्या जगात हे कसं जमणार? आपल्याकडे जेवताना कोण लोणच्याची फोड घेतो, कोण पापड मोडतो, याचा हिशोब घरच्या बाईलाही नसतो. कोंडलेलं घर हेच तिथलं उपकरण होतं. तुमच्या प्रस्तावातलं ‘तिथेच का’ इतकं पक्कं हवं.

जागा निवडतानाही हेच. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात, हँक्सव्हिल गावाजवळ मार्स सोसायटी या संस्थेचं असं सरावाचं केंद्र आहे. साधारण आठ मीटर व्यासाचं दुमजली गोल घर, शेजारी हरितगृह, बाहेर पडायचं तर नकली स्पेससूट चढवून. तिथली लाल जमीन, कामाची शिस्त, माणसांची दाटी उपयोगाची. गुरुत्वाकर्षण मात्र आपलंच, हवाही आपलीच. ह्यूस्टनला नासाचं हेरा आहे, तिथे चौघं ४५ दिवस बंद घरात राहतात, तेव्हा दगड गोळा करायचा प्रयोग तिथे चालणार नाही. लडाखमध्ये त्सो कार सरोवराजवळ ऑगस्ट २०२५ मध्ये होप नावाच्या तळावर दोघांची दहा दिवसांची मोहीम झाली. उंची साडेचार हजार मीटरच्या घरात, हवा विरळ, अतिनील किरणं जास्त, जमीन खारी. पण तिथे झोपेचा अभ्यास मांडलात तर झोप मोडली ती एकांताने की उंचीने, हे आधी वेगळं करून दाखवावं लागेल. जे तिथे नाही ते ‘नाही’ असं प्रस्तावात स्वतःच लिहून टाका. दुसऱ्याने दाखवून देण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या वेळी मी टोमॅटो सोडला आणि मेथी धरली. दोन-तीन दिवसांत उगवते, आठ-दहा दिवसांत कोवळी खुडता येते. प्रश्नही बदलला: बाकीची कामं सांभाळून ताटभर मेथी जगवायला एका माणसाची रोज किती मिनिटं जातात, आणि मुक्काम सरत जाईल तशी ती वाढतात की घटतात? प्रश्न एका वाक्यात मावला, तेव्हाच मला वाटलं की हे जमेल. कचही बाद केली. परदेशातली माती परवान्याशिवाय अमेरिकेत नेता येत नाही, आणि ‘ही माती नव्हे हो, दगड आहे’ असा वाद विमानतळावर घालायची माझी तयारी नव्हती. बियाण्यालाही कागदपत्रं लागतात. मेथीदाणे तिथल्या भारतीय किराणा दुकानात मिळतात.

मग मिनिटं. क्रू टाइम, म्हणजे मोहिमेतल्या माणसांचा वेळ, ही तिथली सगळ्यात महाग वस्तू. स्वयंपाक, साफसफाई, दुरुस्ती, संध्याकाळचे अहवाल हे सगळं उरकून जे उरेल त्यात सगळ्यांचे प्रयोग बसवायचे असतात. मी अंदाजाने ‘रोज १० मिनिटं’ लिहिलं होतं. पाठवण्याआधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रंगीत तालीम केली, शेजारी कुकरसाठी लावतो तो टायमर. पाणी मोजणं, पट्टी धरून फोटो, तापमान, नोंद, ताट विसळणं. पहिल्या दिवशी २७ मिनिटं. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलचे जाड हातमोजे घालून तेच केलं, तर चिठ्ठीवरचा चिकटपट्टीचा कागद सोलतानाच चार मिनिटं गेली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “एवढ्यात माझ्या पंधरा पोळ्या झाल्या असत्या.” प्रस्तावात ३० मिनिटं लिहिली आणि चिठ्ठ्यांऐवजी ताटांना रंगीत दोरे बांधले. त्या तालमीचा तक्ता प्रस्तावाला जोडला. असा तक्ता जोडाच. तुम्ही हे काम खरंच करून पाहिलंय, एवढं त्यावरून कळतं.

पाणी लिटरमध्ये, वीज वॅटमध्ये, वजन किलोत लिहा. ‘अल्प प्रमाणात’ हा शब्द कापून टाका.

सहकाऱ्यांवर काही मोजणार असाल, नुसती प्रश्नावली का असेना, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधी घ्या. या मंजुरीला महिने लागतात. संमती देणारा मधेच नाही म्हणू शकतो, हेही त्यात हवं. सहा माणसांवरून मोठे निष्कर्ष काढू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करा: जाण्याआधीची मोजणी, आतली, परतल्यावरची. आणि सहा जणांत नाव झाकून ओळख लपत नाही. ‘एक महिला, वय ४४’ म्हटलं की झालं.

काय बिघडलं तर काय, याला निम्मं पान द्या. माझ्याकडे तीन ओळी होत्या: बी उगवलं नाही तर पाचव्या दिवसापर्यंत पुन्हा पेरणी, त्यानंतर फक्त वेळेच्या नोंदी, मी आजारी पडले तर दुसरं कोणीही कृतीचा कागद वाचून काम पुढे नेईल.

ही तिसरी ओळ लिहायला सोपी. मंगळाला निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. म्हणजे शंका विचारून कधीकधी पाऊण तास बसायचं. म्हणून कृतीचा कागद भाचीच्या हातात दिला, ती कॉमर्सची. मी माडीवर जाऊन बसले, फोन बंद करायचा विसरले. सहाव्या मिनिटाला तिचा फोन: “मामी, ‘पुरेसं पाणी’ म्हणजे किती गं?”

आता तिथे ६० मिलिलिटर लिहिलेलं आहे.