टोरांटोला निघालात? बॅगेत जॅकेटआधी कापडाचे तुकडे भरा

ठाणे-नवी मुंबईहून टोरांटोला निघालेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, जॅकेट इकडून घेऊ की तिकडून. माझं माहेर नौपाड्यात, राहते टोरांटोतल्या स्कारबरो भागात बरीच वर्षं, आणि इकडे सुट्टीवर आले की बिल्डिंगमधलं कोणीतरी निघालेलं असतंच, आता तर घणसोली-खारघरहून पण ओळखीतनं फोन येतात. तर उत्तर एकदाच देऊन टाकते. जॅकेट इकडून फक्त एअरपोर्ट ते घर एवढ्यापुरतं घ्या, थर्मल्स आणि लोकरीचे मोजे घ्या, बाकी बूट, स्नोपँट, खरं जॅकेट सगळं तिकडेच. येऊरला पहाटे फिरायला जाताना आपण जे घालतो ते तिकडे ऑक्टोबरातच कमी पडतं. जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण उणे सहा-सातच्या आसपास असतं, लाट आली की उणे वीस, आणि वारा धरला तर अंगाला त्याहून वाईट लागतं. लहान मुलांचे स्नोसूट तर नवीन घेऊच नका, पोरं एका सीझनमध्ये वाढतात, व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले मिळतात, फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, डिसेंबरात गेलात तर मापाचं काही उरलेलं नसतं.

पण जॅकेटबद्दल सगळेच सांगतात. संध्याकाळचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात पावणेपाचच्या आधी सूर्य बुडतो. आपल्याकडे त्या वेळेला मुलं खाली खेळायला उतरतात, तलावपाळीला गर्दी व्हायला लागते, आणि तिकडे पडदे ओढून दिवे लावून तुम्ही घरात, नवीन देश, ओळखी नाहीत, मूल कंटाळलेलं, तुम्ही त्याहून कंटाळलेले, मग दोघंही स्क्रीनला चिकटतात. पहिल्या थंडीत माणसं मनाने खचतात ती याच वेळात. म्हणून माझा सल्ला विचित्र वाटेल पण मनापासून देतेय, हाताला काम न्या, आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे बाहुलीचे कपडे शिवणं. स्वेटर विणायला घेतला तर महिना जातो, ड्रेस शिवायला जागा लागते, बाहुलीचा परकर एका संध्याकाळी होतो, डायनिंग टेबलच्या कोपऱ्यात होतो, बिघडला तर वीतभर कापड वाया जातं. मुलगाच आहे हो आम्हाला असं म्हणू नका, टेडीला जॅकेट लागतंच, आणि डायनासोरला स्कार्फ शिवून घेणारी मुलं मी पाहिलीयत.

सामान इथलंच न्या, तिकडे कापड महाग आणि आपल्यासारखं काही मिळत नाही. पैसे पण फारसे खर्च करायला नकोत. आधी कपाट उघडा, हळदीकुंकवाला आणि ओटीत आलेले ब्लाऊज पीस प्रत्येक घरात गठ्ठ्याने पडलेले असतात, तेवढ्यात बाहुल्यांचं अख्खं गाव नटेल. मग गल्लीतल्या ब्लाऊजवाल्या टेलरकडे जाऊन कातरण मागा, तो खुशीने पिशवी भरून देतो कारण नाहीतरी तो फेकणारच असतो. खणाचा एखादा मीटर आणि इरकलीचा काठ मात्र विकत घ्या. लेस, टिचबटणं, अगदी बारीक इलॅस्टिक, दोऱ्याची रिळं जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत होतं, वाशीवाल्यांनी सेक्टर 17 आणि 9 ला चक्कर मारावी, आणि ज्यांना कापडाचं वेडच आहे त्यांनी उल्हासनगरचं गजानन मार्केट गाठावं पण मग बॅगेचं वजन माझ्या नावावर टाकू नका. जुनी मऊ सुती साडी एक नक्की ठेवा, अस्तराला आणि गोधडीला लागते.

कापण्याआधी एक गोष्ट करा जी बहुतेक जण करत नाहीत, गडद रंगाचं प्रत्येक कापड धुऊन घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खणाचा लाल आणि काळा, बाटिकचा निळा, हे रंग बाहुलीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतात आणि मग निघत नाहीत. एवढं करूनही गडद कपड्याला आतून पांढरं अस्तर लावाच.

माप. तिकडे मुलींच्या हातात दोन जातीच्या बाहुल्या दिसतात, एक साडेअकरा इंची बार्बी आणि दुसरी 18 इंची अमेरिकन गर्ल किंवा तिच्यासारख्या स्वस्तातल्या. शिकायला मोठीच घ्या. बार्बीची बाही उलटवता उलटवता माणसाला देव आठवतो. मोठीची कंबर 11 इंचाच्या आसपास असते, पण कंपनीगणिक फरक पडतो म्हणून टेपने मोजा. पॅटर्न विकत घ्यायची गरज नाही, बाहुलीला किचनमधली क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून कागदी चिकटपट्टी लावा, पेनाने गळा, मुंढा म्हणजे बाही जोडायची जागा, खांदा, बाजूची शिवण आखा आणि त्या रेषांवर कापून काढा, सपाट केलं की तोच तुमचा कागद. त्याच्या भोवती पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, सोडायची, जास्त सोडली तर आत गठ्ठा होतो आणि पोलकं फुगून बसतं.

सुरुवात परकराने करा. कंबरेच्या दुप्पट-अडीचपट घेर, खाली काठ, वर नेफा, नेफ्यात पाव इंची इलॅस्टिक, झालं. पोलक्याला एक युक्ती लक्षात ठेवा, मोठ्या माणसाचं ब्लाऊज शिवताना बऱ्याचदा बाजू बंद करून मग बाही चढवतात, बाहुलीच्या बाबतीत उलटं, कापड सपाट असतानाच खांदा जोडून बाही लावायची आणि मग बाहीपासून कंबरेपर्यंत एकच शिवण मारायची, नाहीतर त्या एवढ्याशा मुंढ्यात ना बोट जातं ना मशीनचा पाय. पाठ पूर्ण उघडी ठेवा, वरपासून खालपर्यंत, कारण बाहुलीचे हात कोपरात वाकत नाहीत आणि चार वर्षांचं मूल डोक्यावरून कपडा घालू शकत नाही. पाठीला पातळ वेल्क्रो. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बटणं, मणी, टिकल्या काहीही लावू नका, तोंडात जातं, त्याऐवजी साखळी टाक्याने फूल काढा. जरीच्या आणि खणाच्या कडांचे दोरे निघतात, तिथे पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात मारला की थांबतं. हाताने शिवत असाल तर नुसता धावदोरा पुरत नाही, मुलं ओढाताण करतात, बाजूच्या शिवणीला उलटी टीप घाला.

आता थंडीचे कपडे, आणि यात खरी गंमत आहे. तिकडे बालवाडीतली मुलं स्वतःचं स्वतः आवरतात, टीचर मदत करते पण वीस-पंचवीस मुलांना किती करणार, आणि थंडी आहे म्हणून मधली सुट्टी घरात असं नसतं, अगदीच कडाका असेल तरच आत ठेवतात. घालायचा क्रम ठरलेला असतो, आधी स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी, आणि मिटन्स सगळ्यात शेवटी कारण एकदा मिटन्स चढले की चेन लावता येत नाही. आपल्या मुलांनी आयुष्यात यातलं काही घातलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात सगळी खेळायला बाहेर पळतात आणि आपलं मूल एक पाय स्नोपँटमध्ये घालून रडत बसलेलं असतं. तर हाच सगळा सेट बाहुलीला शिवा आणि रात्री झोपायच्या आधी मुलाकडून बाहुलीला चढवून घ्या, त्याच क्रमाने. तिथे ओरडा नसतो, घाई नसते. ठाण्यात असतानाच सुरू केलंत तर अजून चांगलं, पंख्याखाली बसून बाहुलीला मिटन्स घालताना हसाल, हसा.

यासाठी फ्लीस म्हणजे ते मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड वापरा, त्याचे दोरे निघत नाहीत, कडा दुमडायला लागत नाहीत, मिटन तर हाताच्या आकाराचे दोन तुकडे कापून कडेने शिवले की तयार. ते ठाण्यातून न्यायची गरज नाही, तिकडे व्हॅल्यू व्हिलेजमधून जुनं फ्लीसचं जॅकेट आणलं की बरंच काही निघतं. फक्त गरम इस्त्री लावू नका, वितळतं. जुन्या लोकरी स्वेटरचं मनगट म्हणजे आयती टोपी, वरून बांधून टाका. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात मशीनला लावून मुद्दाम आटवला तर कापड घट्ट होतं आणि कापल्यावर उसवत नाही, त्याचा बाहुलीचा कोट सुंदर होतो. मोज्याचा घोट्याच्या वरचा भाग, दोन भोकं पाडली की स्वेटर. आणि मुलाच्या स्वतःच्या कपड्यात नाड्या आणि लांब मफलर टाळा, घसरगुंडीत अडकतात, त्याऐवजी गळ्यात घालायचा नेक वॉर्मर मिळतो तो घ्या. बाहुलीला मफलर चालेल, तिला कुठे घसरगुंडी.

घर उबदार ठेवायचं म्हणाल तर टोरांटोत भाड्याच्या घरात थंडीच्या महिन्यांत किमान 21 अंश ठेवणं मालकाची जबाबदारी आहे, नसेल होत तर आधी लेखी सांगा आणि मग 311 ला, म्हणजे शहर प्रशासनाच्या मदत क्रमांकाला, फोन करा, लाजू नका. नवीन माणसं स्वेटरवर स्वेटर चढवून गप्प बसतात ते मला अजिबात पटत नाही. खिडकीतनं वारा येत असेल तर प्लॅस्टिकची फिल्म मिळते, चिकटवून हेअर ड्रायरने ताणायची. दाराखालच्या फटीला कातरणांनी गच्च भरलेली लांब नळी शिवून लावा, टेलरकडच्या ज्या चिंध्या बाहुलीच्या पण कामाच्या नसतात त्या तिथे संपतात. हीटरजवळ मात्र कापडाची टोपली, पडदा, गोधडी काहीही नको, मीटरभर तरी लांब.

हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी होते की पहिल्या महिन्यात नाकातनं रक्त येतं, ओठ फुटतात, पॉलिस्टरचे तुकडे हाताला चिकटून बसतात आणि दोरा आपोआप गुंततो. ह्युमिडिफायर घ्या. बोटांच्या टोकांना भेगा पडतात आणि रेशीम त्यात अडकून दोरे ओढले जातात, चांगली पैठणीची पट्टी अशीच खराब होते. त्यामुळे रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे हातात घालून झोपा. शिवायच्या आधी लावू नका, डाग पडतो. आणि काळ्यावर काळं शिवण शनिवार-रविवारी दुपारी खिडकीत बसूनच करा, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात डोळे जातात.

सासूबाई किंवा आई सोबत येणार असतील तर हा सगळा उद्योग त्यांच्याकडे सोपवा. रोज संध्याकाळी देवळात, कोपिनेश्वरला, मैत्रिणींत रमणारी बाई तिकडे बर्फावर घसरायच्या भीतीने चार महिने खिडकीत बसते आणि मग मला इथे का आणलं सुरू होतं. त्यांना गोधडी घालता येते, बाहुलीच्या पलंगाएवढी गोधडी घालायला सांगा, जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर, वर तुकडे, आणि कडेपासून आत धावदोरा. नातवंडाला त्यांच्याशेजारी बसवा, सुई ओवायचं काम त्याचं, लहान डोळ्यांना दिसतं. मराठी पण तिथेच टिकतं, आजी "काठ दे, कात्री दे, उसव ते" म्हणते आणि मूल ऐकतं.

संक्रांतीला सगळं जुळून येतं कारण 14 जानेवारी म्हणजे ऐन थंडी, आणि आपण काळं घालतो ते याच थंडीत ऊब धरावी म्हणून. बाहुलीला काळा परकर-पोलकं, आतून पांढरं अस्तर विसरू नका, आणि हलव्याचे दागिने. हलवा इकडून न्या, दोऱ्यात ओवायचा नाही कारण फुटतो, दोन दोऱ्यांच्या मध्ये एकेक दाणा बांधत जायचं. हार, बांगड्या, मुकुट. घरात बोरन्हाणाचं बाळ असेल तर दागिने बाहुलीवरच ठेवा, बाळाच्या अंगावर फोटोपुरते. मराठी भाषिक मंडळाचे कार्यक्रम असतात तिथे बाहुली घेऊन जा, चार बायका विचारायला येतातच कुठून आणलंत, आणि नवीन गावात ओळख व्हायला तेवढं पुरतं.

मशीन इकडून नेऊ नका. आपलं 230 व्होल्टचं, तिकडे 120, ट्रान्सफॉर्मर घेऊन बसण्यापेक्षा साधं जुनं सिंगर किंवा ब्रदर तिकडे स्वस्तात मिळतं, काही लायब्रऱ्यांत वापरायला पण मिळतं, चौकशी करा. टाका लहान ठेवा, 2 मिलिमीटर, आणि सुती कापडाला 11 नंबरची सुई. लाकडी मजल्यावर रात्री चालवाल तर खाली जाड सतरंजी घाला, खालच्या घरात टकटक ऐकू जाते. तिकडचं कापड बघायचंच असेल तर क्वीन स्ट्रीट वेस्टला स्पाडायनाच्या पुढे कापडाची दुकानं आहेत, रेमनंटच्या, म्हणजे उरलेल्या तुकड्यांच्या, पेटीत हात घाला, बाकी भाव बघून परत या.

कातरणं बॅगेत वेगळी पिशवी करून ठेवू नका, डब्यांच्या आणि बरण्यांच्या भोवती गुंडाळा, काचा पण फुटत नाहीत आणि जागा पण जात नाही. कात्री, सुया, टाचण्या सगळं चेक-इनच्या बॅगेत. हँडबॅगेत फक्त बाहुली, विमानात मूल मागणार तिला, आणि तिचं जॅकेट पण तिथेच असू द्या.