सोलापूरच्या ४१३००१ चे अवयव कसे पाडावेत

सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४१३००१. सरावाला ही संख्या उत्तम, कारण पहिला अवयव चटकन सापडतो आणि पुढचे दोन घाम काढतात. वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४१३००१ ÷ ९ = ४५८८९. (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. आपला पिन हर्षद आहे.) आता ४५८८९ ला ३ ची कसोटी पुन्हा लावा. बेरीज ३४, म्हणजे ३ संपला. ही फेरतपासणी बरेच जण गाळतात.

पुढे कुठवर तपासायचे? वर्गमूळापर्यंत, पण मूळ आकड्याच्या नव्हे, उरलेल्या संख्येच्या. ४१३००१ चे वर्गमूळ सुमारे ६४२, तिथवर ११६ मूळ संख्या आहेत. ४५८८९ चे सुमारे २१४, तिथवर फक्त ४७. मर्यादा नव्याने न काढणे म्हणजे फुकटची मेहनत.

७, ११ आणि १३ एकाच वजाबाकीत उरकतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. शेवटच्या तीन अंकांतून पुढचे वजा करा: ८८९ − ४५ = ८४४. याला ७ ने भागल्यास बाकी ४, ११ ने ८, १३ ने १२. तिन्ही बाद.

यापुढे सुटका नाही. १७, १९, २३ असे क्रमाने भागत जा. ५१, ९१ यांना हात लावू नका. त्या मूळ वाटतात, पण ३ × १७ आणि ७ × १३ आहेत. १७ ते १०७ या बावीस मूळ संख्या अपयशी ठरतात. कंटाळून इथेच ‘मूळ आहे’ म्हणाल तर फसाल, कारण पुढचीच १०९ लागू पडते: ४५८८९ = १०९ × ४२१. ४२१ वेगळी तपासायची गरज नाही. तिचे वर्गमूळ २१ च्या आत आहे आणि तेवढे लहान अवयव आधीच बाद झालेत.

म्हणजे ४१३००१ = ३² × १०९ × ४२१. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१), म्हणजे १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६०.

खरी गंमत वर्गांची. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. इथे असा अवयव फक्त ३, तोही दोनदा. म्हणून

५७६² + २८५² = ४१३००१
५५५² + ३२४² = ४१३००१

पंढरपूरचा ४१३३०४ मात्र असा मांडता येत नाही: त्याचे अवयव २³ × ३ × १७ × १०१३, आणि ३ एकदाच येतो.