नागपूरच्या अंगणात बुटकी सावनी कशी लावावी

तामण आपलं राज्यफूल खरं, पण ते मोठं झाड आहे. फाटकाजवळच्या तीन फुटी पट्ट्यात ते मावायचं नाही. त्याच कुळातली सावनी मात्र तिथे छान बसते. चुणीदार पाकळ्यांचे गुलाबी, पांढरे, जांभळे घोस पावसाळाभर येत राहतात.

नर्सरीत 'बुटकी जात' असं स्पष्ट सांगा, कारण साधी सावनी दहा-पंधरा फूट वाढते. रोप फुलावर असताना घेतलं तर रंगाची खात्री होते. जागा सहा तास ऊन मिळणारी हवी. सावलीत फुलं कमी आणि भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारा बुरशीचा रोग) जास्त.

खरा प्रश्न आपल्या काळ्या मातीचा. नुसता खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली, तर पावसात त्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. आधी दीड फूट खड्डा खणून पाणी भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जागा बदला. बदलणं शक्य नसेल तर वाफा अर्धा फूट उंच करा. दोन घमेली माती, एक घमेलं मुरूम किंवा जाड रेती आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण पुरतं. पहिला चांगला पाऊस झाला की लावा. दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा.

पहिला उन्हाळा जपायचा. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एक दिवसाआड सकाळी भरपूर पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचा थर. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घालू नका. बाष्पीभवनाने त्यात क्षार साचलेले असतात.

हिवाळ्यात पानं पिवळी-तांबडी होऊन गळतात, नुसत्या काड्या उरतात. झाड मेलं म्हणून उपटणारे बरेच! नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की काळजी नाही. छाटणीची वेळ हीच. सावनीला फुलं नव्या फांदीच्या टोकालाच येतात, म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, डोळे (फांदीवरचे कोंब) फुटण्याआधी कात्री चालवा. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि बुडातून फुटलेल्या काड्या काढा. उरलेल्यांची एक तृतीयांश लांबी कमी करा, काप बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्या. दरवर्षी एकाच जागी खुंट करून ठेवणं मला पटत नाही. तिथे गाठी येतात आणि फुटवे लेचेपेचे निघतात. घोस सुकला की तोही कापा, दुसरा बहर मिळतो.

युरियाचा मोह टाळा, नुसता पाला वाढेल. भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावरच्या मात्रेत फवारा, पण कडक उन्हात नाही.

छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नका. वीतभर तुकडे करून ओल्या रेतीत अर्धे खोचा आणि कुंडी सावलीत ठेवा. त्यातल्या बऱ्याच काड्या रुजतात.