जुनं जर्मन चित्र घेताना कागद उजेडात धरा

मातेउस मेरियानने 17व्या शतकात फ्रँकफुर्टमध्ये छापलेली जर्मन गावांची दृश्यं आजही विकायला येतात. तटबंदी, चर्चचा मनोरा, वर फितीत गावाचं नाव. यांच्या नकलाही भरपूर निघाल्या आहेत, म्हणून पैसे देण्याआधी चित्र फ्रेममधून काढायला सांगा.

कागद उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात जाळीच्या बारीक, समांतर रेषा दिसतात. कधी जलचिन्हही सापडतं. मग कडेवर बोट फिरवा. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरत आणि तो पत्रा कागदावर दाबून छापत, त्यामुळे चित्राभोवती त्याच्या कडेचा चौकोनी ठसा उमटतो. अर्थात, समास कापलेला असेल तर तो दिसणार नाही. खरी कसोटी भिंगाची: कोरलेली रेघ सलग दिसते, आधुनिक छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते. ठिपके दिसले की व्यवहार थांबवा.

मधोमध घडी असेल तर घाबरू नका, मोठी चित्रं पुस्तकात दुमडूनच बांधत. रंगांसाठी मात्र जास्त पैसे मोजू नका. ही चित्रं मुळात बहुधा काळी-पांढरीच छापली जात आणि रंग पुष्कळदा नंतर कुणीतरी भरलेले असतात. मला तर बिनरंगीच आवडतात. कोरणाऱ्याचा हात त्यांत स्वच्छ दिसतो.

घरी आणल्यावर आम्लविरहित पुठ्ठा वापरा आणि थेट ऊन टाळा.