फोक, काडी, डोळकाडी आणि बॉटनीचं लॅटिन

बॉटनीला नवीन आलेली पोरं विचारतात झाडांच्या शास्त्रीय नावांतलं लॅटिन पाठ कसं करायचं. माझं म्हणणं, पाठ करायच्या आधी आपला फोक आठवा राजेहो, तोच, शाळेत पाठीवर बसायचा तो.

एमएस्सीच्या व्हायव्हाला एक्स्टर्नलनी मला तेलासाठी लावतात त्या लेमनग्रासचं नाव विचारलं, मी ऐटीत सांगितलं सिम्बोपोगॉन फ्लेक्शुओसस, म्हणजे फ्लेक्सिबल, वाकणारं. ते म्हणाले वाकणारं नाही, वाकडंतिकडं. फ्लेक्शुओसस म्हणजे नागमोडी, आणि वाकवता येतं ते फ्लेक्सिलिस. सीताबर्डीपर्यंत कान गरम होते माझे. तेव्हापासून इंग्रजीसारखा दिसणारा लॅटिन शब्द दिसला की आधी संशय घेते.

मग हळूहळू कळलं की आपण जसं फोक, काडी, डहाळी, धुमारा वेगळं बोलतो तसंच रोमन लोकही बोलायचे. वाकवून विणता येतो तो फोक म्हणजे व्हिमेन. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये टोपल्यांच्या विलोला सॅलिक्स व्हिमिनॅलिस नाव दिलं ते यावरूनच, रोमची व्हिमिनल टेकडीसुद्धा याच शब्दाची. कॉलन्यांमध्ये लाल फुलांचं लोंबत्या फांद्यांचं बॉटलब्रश असतं ना, तेही व्हिमिनॅलिसच. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते निर्गुडीचं: तिची जीनस, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, व्हायटेक्स, आणि हे नाव विणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडतात, व्हिमेनही तिथलंच. आता आपल्याकडेही निर्गुडीच्या फोकाच्या टोपल्या विणतात, म्हणजे सांगा!

सरळ, बारीक काडी किंवा छडी म्हणजे व्हर्गा, त्यावरून व्हर्गेटस. तुऱ्हाटी डोळ्यासमोर आणा, झालं. फ्लॅजेलम म्हणजे चाबूक, द्राक्षवेलीच्या लांब कोवळ्या फुटीलाही तेच म्हणायचे. सार्मेंटम मुळात छाटलेल्या काटक्या, पण बॉटनीत सार्मेंटोसस म्हटलं की लांब बारीक धावत्या फांद्यांचं झाड, यात गोंधळ होतो, माझाही झाला. सुरक्युलस म्हणजे धुमारा, आणि जुन्या लॅटिनमध्ये कलमाची काडीसुद्धा, काटोलकडचे संत्रावाले जिला डोळकाडी म्हणतात तसलं काहीतरी. उलट टोकाला स्ट्रिक्टस, ताठ सरळ: आपला मानवेल बांबू, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस.

एक मात्र पहिल्याच महिन्यात करा, शब्दाची षष्ठी पण लिहून ठेवा. व्हिमेनची षष्ठी व्हिमिनिस, तो मधला "मिन" दिसला की व्हिमिनॅलिस, व्हिमिनियस आपोआप ओळखू येतात. मी नुसते पहिले रूप घोकले आणि अख्खं सेमिस्टर वाया घातलं.

1 जानेवारी 2012 पासून वनस्पतीच्या नव्या जातीचं वर्णन इंग्रजीतही चालतं, म्हणून काही जण लॅटिन सोडूनच देतात. पण नावं लॅटिनच राहिली ना बाबा. माझ्या वहीत चार रकाने होते: शब्द, षष्ठी, एक झाड, आणि आजी त्याला काय म्हणते. परीक्षेत चौथाच आठवायचा.